ऑक्टोबर १९४८ मधील पेनसिल्व्हेनिया रेलरोडची एक्स२९ बॉक्सकार : एचओ मापात रंग, अक्षरे आणि वेदरिंग

रूळप्रेमी (प्रश्न)

नमस्कार. मी एचओ मापात, म्हणजे १:८७.१ या प्रमाणात, पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या मिडल डिव्हिजनवर ऑक्टोबर १९४८ मध्ये धावू शकली असती अशी एक मालगाडी उभी करीत आहे. हॅरिसबर्ग ते अल्टूना या मार्गावर त्या वर्षी वाफेची इंजिने अजून सर्रास धावत होती आणि मालगाड्यांत चाळीस फुटी बॉक्सकारचा, म्हणजे बंदिस्त मालडब्यांचा, मोठा भरणा असे. त्यामुळे सुरुवात या कंपनीच्या सर्वांत ओळखीच्या बंदिस्त डब्यापासून, म्हणजे एक्स२९ पासून करायचे मी ठरवले. प्लास्टिकचा किट हाती आहे, मूळ सांगाडा जोडून झाला आहे. शिड्या, पकडदांड्या आणि ब्रेकचे भाग अजून लावायचे आहेत. रंगाला हात घालण्यापूर्वी काही गोष्टी जाणकारांकडून समजून घ्याव्यात म्हणून हा प्रश्न.

पहिली शंका रंगाची आहे. जुन्या लेखांमध्ये मिश्रणाची जी प्रमाणे दिलेली असतात ती बहुधा फ्लोक्विल या ब्रँडच्या रंगांची असतात आणि ते रंग २०१३ मध्ये बंद झाले. आज 'बॉक्सकार रेड' या नावाने मिळणाऱ्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, तर एक विटेच्या रंगाकडे झुकलेली दिसते आणि दुसरी जवळजवळ चॉकलेटी. १९४८ च्या पेनसिल्व्हेनियाच्या डब्यासाठी यांपैकी कोणती छटा योग्य मानावी?

दुसरी शंका अक्षरांची. किटबरोबरच्या डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांच्या) कागदावर कंपनीचे चिन्ह दोन प्रकारचे आहे: एक वर्तुळातला कीस्टोन (कमानीच्या मधल्या दगडाचा आकार) आणि दुसरा सावली असलेला कीस्टोन. याशिवाय वजनाचे आकडे आणि तारखा यांचे इतके बारीक पर्याय दिलेले आहेत की त्यांतले काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरवता येत नाही. या डब्याच्या पत्र्यांवर रिव्हेटच्या रांगा दाट आहेत. अशा पृष्ठभागावर डेकलच्या फिल्मखाली हवा राहून जी चंदेरी झाक दिसते ती कशी टाळावी, हेही कोणी सविस्तर सांगितल्यास बरे होईल.

आणि शेवटी, अशा डब्यावर वेदरिंग, म्हणजे वापराने चढलेला मळ, नेमका किती आणि कुठे दाखवावा?

मापदंड

आपल्या सर्व शंकांची किल्ली आपण स्वतःच पहिल्या वाक्यात दिली आहे, ती म्हणजे ऑक्टोबर १९४८ ही तारीख. हा डबा त्या दिवशी किती वर्षांचा होता, तो शेवटचा कधी रंगवला गेला आणि त्याचे शेवटचे वजन कधी झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे ब्रश हाती घेण्यापूर्वी ठरवावीत असे मी आग्रहाने सांगेन, कारण रंगाची छटा, अक्षरे आणि मळ या तिन्ही गोष्टी त्या उत्तरांवरूनच ठरतात. शक्य असेल तर एकाच प्रत्यक्ष डब्याचे, त्याच काळातले छायाचित्र शोधून त्याचाच क्रमांक घ्यावा. 'सर्वसाधारण एक्स२९' असा डबा रुळावर कधीच नव्हता.

एक्स२९ चे उत्पादन १९२४ मध्ये सुरू झाले. अमेरिकन रेल्वे असोसिएशनने १९२३ मध्ये मांडलेल्या पोलादी बॉक्सकारच्या आराखड्याशी त्याचे अगदी जवळचे नाते आहे. पुढच्या काही वर्षांत या वर्गाचे पंचवीस हजारांहून अधिक डबे बांधले गेले, त्यामुळे १९४८ मध्ये यांतले बरेचसे डबे वीस-बावीस वर्षे वापरलेले होते हे गृहीत धरावे. डब्याची आतील उंची ८ फूट ७ इंच. १९३७ च्या प्रमाणित एएआर (असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्स) बॉक्सकारची १० फूट. हा १७ इंचांचा फरक आपल्या मापात जवळजवळ ५ मिलिमीटर होतो. मालगाडीत उंच डब्यांच्या मध्ये एक्स२९ आला की छपरांची रेषा एकदम खाली उतरते, आणि त्या काळच्या गाडीची खरी ओळख मला तरी या खाली-वर होणाऱ्या रेषेत दिसते.

आपल्या किटची टोके पाहावीत. सुरुवातीच्या डब्यांची टोके सपाट पत्र्याची होती आणि नंतरच्या डब्यांना ड्रेडनॉट पद्धतीची, आडव्या फुगवट्यांची टोके आली. क्रमांक निवडताना हे जुळलेच पाहिजे. ब्रेकच्या बाबतीत १९४८ हे वर्ष मोकळीक देते. एबी पद्धतीचा ब्रेक १९३३ पासून नव्या डब्यांना सक्तीचा झाला होता, परंतु जुन्या के पद्धतीच्या ब्रेकचे डबे १९५३ पर्यंत इतर कंपन्यांच्या मार्गांवरही चालू शकत होते, म्हणून दोन्ही पर्याय बरोबर ठरतात. के पद्धतीत सिलिंडर आणि हवेची टाकी एकाच तुकड्यात असतात. एबी पद्धतीत सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह हे तीन भाग वेगळे दिसतात. छपरावरची पायफळी मात्र लाकडीच ठेवावी. पोलादी जाळीची पायफळी नव्या डब्यांवर सर्रास आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस.

चाकांच्या चौकटीसाठी, ज्याला अमेरिकेत ट्रक म्हणतात, पेनसिल्व्हेनियाचा स्वतःचा २डी-एफ८ हा नमुना मिळवावा. तो मिळाला तर डब्याचे बाजूने दिसणारे रूप बरेच बदलते.

आता अक्षरे. सावलीचा कीस्टोन १९५४ मध्ये आला, म्हणून तो बाजूला ठेवावा. आपल्यासाठी वर्तुळातला कीस्टोनच योग्य. वजनाच्या आकड्यांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण मॉडेल बनवणारे पुष्कळ जण ते नुसती नक्षी समजून चिकटवतात. डाव्या बाजूला क्रमांकाखाली तीन ओळी असतात: नाममात्र क्षमता, जास्तीत जास्त भार आणि रिकाम्या डब्याचे वजन. एक्स२९ हा पन्नास टनी वर्गातला डबा, त्यामुळे क्षमतेच्या ओळीत १,००,००० पौंड. त्या काळी या वर्गाच्या आसांसाठी डबा आणि माल मिळून १,६९,००० पौंडांची मर्यादा होती, म्हणून खालच्या दोन ओळींची बेरीज १,६९,००० यायला हवी. उदाहरणार्थ, रिकामे वजन ४५,८०० असेल तर भाराची मर्यादा १,२३,२०० असते. आकडे शंभराच्या पटीत असतात. डेकलच्या कागदावरचे तुकडे जुळवताना ही बेरीज करून पाहावी.

त्या ओळीशेजारी वजनाची तारीख येते आणि इथे बहुतेकांची नजर चुकते. कारखान्यातून बाहेर पडताना तारखेबरोबर 'न्यू' असे लिहिलेले असे. पुढे डब्याचे फेरवजन झाले की तो शब्द पुसून वजन करणाऱ्या ठिकाणाचे संक्षिप्त चिन्ह आणि नवी तारीख लिहीत. फेरवजनाची मुदत त्या काळात साधारण अडीच वर्षांची होती. त्यामुळे १९२६ मध्ये बांधलेल्या डब्यावर १९४८ मध्ये 'न्यू' हा शब्द असूच शकत नाही. तारीख १९४६ चा वसंत ते १९४८ चा शरद यांच्या दरम्यानची हवी. बांधणीची तारीख वेगळी असते आणि ती कायम राहते, या दोन तारखांची गल्लत करू नये.

आणखी एक. एक्स२९ च्या बाजूंचे पत्रे खालच्या कडेला गंजत आणि तिथे रिव्हेटने ठिगळपट्ट्या मारलेल्या युद्धोत्तर छायाचित्रांत वारंवार दिसतात. आपण निवडलेल्या डब्याच्या छायाचित्रात त्या असतील, तर पाच सहस्रांश इंच जाडीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवून त्यांवर रेझिनच्या रिव्हेटचे डेकल बसवता येतात. हे काम रंगाआधीच उरकावे लागते.

तांबडी माती

मापदंड यांनी तारखेचा जो आग्रह धरला आहे तो रंगालाही तंतोतंत लागू पडतो, म्हणून मी फक्त रंगाविषयी लिहितो.

बॉक्सकारच्या तांबूस-तपकिरी रंगाचा आधार लोहाचे ऑक्साइड हा आहे. हे रंगद्रव्य स्वस्त, टिकाऊ आणि उन्हाला दाद न देणारे असल्यामुळे जवळपास प्रत्येक अमेरिकन रेल्वे कंपनी तेच वापरीत असे. मात्र खाण बदलली, भाजण्याचे तापमान बदलले किंवा मिसळीचे प्रमाण बदलले की छटा नारिंगीपासून जांभळट तपकिरीपर्यंत कुठेही सरकते. पेनसिल्व्हेनियाचा रंग युद्धापूर्वी नारिंगीकडे झुकणारा होता आणि युद्धानंतर तो अधिक तपकिरी होत गेला, असे या कंपनीचे अभ्यासक मॉडेलकार सर्वसाधारणपणे मानतात. म्हणून आपला डबा १९४७ मध्ये नव्याने रंगवलेला धरला तर चॉकलेटीकडे जाणारी बाटली योग्य ठरेल, आणि १९४० च्या आसपास रंगवलेला धरला तर विटकरी. आपल्या दोन्ही बाटल्या बरोबर आहेत, फक्त डबे वेगळे आहेत.

शंका असल्यास जॅक डेलानो या छायाचित्रकाराने डिसेंबर १९४२ मध्ये शिकागोजवळच्या प्रोव्हिसो यार्डात काढलेली रंगीत कोडाक्रोम छायाचित्रे पाहावीत. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सर्वांसाठी खुली आहेत. शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नच्या त्या यार्डात शेजारी शेजारी उभे असलेले डबे एकाच प्रकाशात आणि एकाच फिल्मवर असूनही एक केशरी, दुसरा काळपट, तिसरा विटकरी असे दिसतात. छायाचित्रातल्या एका डब्याची तुलना हातातल्या बाटलीशी करू नये, कारण फिल्म आणि हवामान दोन्ही रंग बदलतात. तुलना करायची ती त्याच चित्रातल्या दुसऱ्या डब्याशी. मी जितक्या वेळा ती चित्रे पाहतो तितका माझा 'अचूक बाटली' या कल्पनेवरचा विश्वास कमी होतो.

कामाची पद्धत अशी ठेवावी. मॉडेल भांडी घासण्याच्या द्रवसाबणाने धुऊन पूर्ण वाळवावे, कारण साच्यातले तेल आणि बोटांचा चिकटपणा राहिला तर रंग कडांवरून सुटतो. प्रायमरचा पातळ हात द्यावा. नंतर मूळ रंग दुधाइतका पातळ करून १५ ते २० पीएसआय दाबाने एअरब्रशमधून दोन-तीन पातळ हातांत मारावा. रिव्हेटची डोकी आधीच बारीक असतात, जाड थराखाली ती बुजली की परत मिळत नाहीत. घरातल्या मंद प्रकाशात लहान वस्तू मूळ वस्तूपेक्षा गडद दिसते, त्यामुळे मूळ रंग थोडा उजळ करणे हिताचे असते. पण उजळ करण्यासाठी पांढरा रंग घालू नये. लोहाच्या तांबड्यात पांढरा मिसळला की तो गुलाबी होतो. त्याऐवजी फिकट करडा किंवा मातकट पिवळा वापरावा.

जुना डबा दाखवताना हाच उजळ केलेला रंग अतिशय पातळ करून अक्षरांवरूनही फवारावा, म्हणजे पांढरी अक्षरे आणि तांबडा पत्रा एकत्रच म्हातारे होतात. खऱ्या डब्यावरही तसेच घडे: रंगातले तेल उन्हाने झिजे, वरचा थर खडूसारखा भुसभुशीत होई आणि पांढऱ्या अक्षरांची भुकटी पावसाबरोबर खाली ओघळे. हे ओघळ दाखवायचे असल्यास अक्षराच्या खालच्या कडेला पांढऱ्या ऑइल रंगाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका ठेवून थिनरमध्ये जेमतेम भिजवलेल्या सपाट ब्रशने सरळ खाली ओढावा. ओघळ दोन-तीन अक्षरांखालीच पुरेत.

मळाबद्दल माझे मत ठाम आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळातला डबा मुख्यतः काजळीने आणि धुळीने मळलेला असतो, गंजाने नव्हे. काजळी वरून बसते, म्हणून छप्पर सर्वांत गडद, बाजूंचा वरचा भाग त्याहून कमी. धूळ खालून उडते. डब्याच्या दोन्ही टोकांवर, शेजारच्या डब्याच्या चाकांच्या बरोबर समोर, मळाचे दोन उभे पट्टे चढलेले दिसतात आणि ते दाखवले की टोक लगेच खरे वाटू लागते. काजळीसाठी शुद्ध काळा वापरू नये. काळ्यात तपकिरी मिसळलेला करडा अधिक योग्य. गंज ठेवायचाच असेल तर तो दाराच्या खालच्या रुळापाशी आणि शिडीच्या पायऱ्यांवर, जिथे बुटांनी रंग खरवडला जातो तिथे, अगदी थोडा ठेवावा.

सुईचे टोक

डेकलच्या शंकेचे उत्तर राहिले आहे, ते मी देतो. क्रमाबाबत मात्र 'तांबडी माती' यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे.

चंदेरी झाक येते ती मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर फिल्मखाली हवा अडकल्यामुळे. म्हणून डेकलच्या जागी आधी ग्लॉसचा थर द्यावा आणि तो पूर्ण कडक होऊ द्यावा. फिल्म अक्षराच्या शक्य तितकी जवळून नव्या पात्याने कापावी. जागेवर मायक्रो सेट या डेकल बसवण्याच्या द्रवाचा थेंब ठेवून त्यावर डेकल सरकवावे, ओलावा कागदाच्या टोकाने टिपून घ्यावा आणि मगच मायक्रो सोल हा फिल्म मऊ करणारा द्रव लावावा. मायक्रो सोलखाली फिल्म सुरकुतते. त्या वेळी तिला हात लावू नये, वाळताना ती आपोआप सपाट होते. दुसऱ्या दिवशी तिरप्या प्रकाशात पाहिले की रिव्हेटभोवती हवेची बारीक वलये दिसतात. प्रत्येक वलय अतिशय बारीक सुईने टोचावे आणि पुन्हा मायक्रो सोल लावावे. दाट रांगांवर हे एकदा करून भागत नाही, झाक पूर्ण जाईपर्यंत करीत राहावे लागते. पत्र्यांच्या सांध्यावरून आडवे जाणारे डेकल सांध्याच्या रेषेत पात्याने चिरावे, म्हणजे फिल्म सांध्यात खाली उतरते. लाकडी फळ्यांच्या बॉक्सकारवर तर प्रत्येक फळीच्या खाचेत असे चिरावे लागते, त्या मानाने आपला पोलादी डबा सोपा आहे.

आता मतभेद. सर्व अक्षरांवरून एकदम फिकट थर मारावा हे चिन्ह, नाव आणि क्रमांक यांच्यासाठी बरोबर आहे. वजनाच्या आकड्यांसाठी नाही. फेरवजन होताना जुने आकडे ताज्या रंगाने झाकले जात आणि त्यावर नवे आकडे उमटवले जात, म्हणून मळलेल्या डब्यावर तेवढाच चौकोन गडद आणि स्वच्छ दिसतो. हा चौकोन मॉडेलवर शेवटी करावा. वेदरिंग पुरे झाल्यावर मास्किंग टेपने लहान आयत आखून त्यात न उजळलेला मूळ रंग मारावा, त्याच जागेवर ग्लॉस, मग वजनाचे आणि तारखेचे डेकल, आणि सर्वांत शेवटी मॅटचा हलका हात. आसांच्या पेट्यांतले तेल आणि सुताचा बोळा बदलल्याची तारीखही अशाच छोट्या ठिगळावर लिहिलेली असे. ती फेरवजनापेक्षा कमी मुदतीने बदले, म्हणून तिचे ठिगळ आणखी ताजे दाखवता येते.

रूळप्रेमी

आपण तिघांनी दिलेल्या उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. मी १९२० च्या दशकात बांधलेला, सपाट टोकांचा, १९४० च्या सुमारास रंगवलेला आणि सप्टेंबर १९४७ मध्ये फेरवजन झालेला डबा निश्चित केला आहे. मूळ रंगासाठी विटकरी बाटली घेईन आणि वजनाचा चौकोन शेवटी, युद्धोत्तर तपकिरी छटेत करीन, कारण १९४७ मध्ये तो रंगवणाऱ्याच्या हाती त्या वर्षीचाच रंग असणार. ब्रेक के पद्धतीचा ठेवतो.

दोन लहान शंका उरल्या. चाकांना आणि ट्रकना कोणता रंग द्यावा? आणि छायाचित्रांत दाराजवळ खडूने लिहिलेले जे आकडे व खुणा दिसतात, त्या दाखवाव्यात का?

मापदंड

चौकोन वेगळ्या छटेत करण्याचा आपला विचार मला फार आवडला. तर्क बरोबर आहे.

चाकांना गंजाचा नारिंगी रंग देऊ नये. त्या काळच्या डब्यांचे आस तेलात भिजवलेल्या सुताच्या बोळ्यावर फिरत, तेल पेटीतून चाकाच्या बाहेरच्या तोंडावर झिरपे आणि त्यावर धूळ बसून काळपट तपकिरी, किंचित तेलकट असा थर तयार होई. तडा गेला तर तो दिसावा म्हणून चाकांना रंग देण्यास मनाई होती, त्यामुळे चाकावर जे दिसते ते तेल आणि धूळच. चाकाची रुळावर टेकणारी धाव मात्र घासून चकचकीत राहते, तिथला रंग पुसून टाकावा. ट्रकची चौकट मूळ रंगाची ठेवून तिच्यावर करड्या धुळीचा हात द्यावा आणि आसाच्या पेटीच्या झाकणाखाली तेलाचा एक गडद ओघळ ठेवावा. चाके धातूचीच घ्यावीत, आणि एनएमआरएच्या (नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या) शिफारशीप्रमाणे एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस या हिशोबाने साडेपाच इंची डब्याचे वजन पावणेचार औंस, म्हणजे सुमारे १०६ ग्रॅम करावे. हे वजन छप्पर बंद करण्यापूर्वी आत, दोन्ही ट्रकच्या मध्यावर विभागून बसवावे लागते.

खडूच्या खुणा अवश्य दाखवाव्यात. यार्डातले कर्मचारी डबा कोणत्या मार्गिकेवर किंवा कोणत्या गाडीत जायचा आहे ते खडूने लिहीत, आणि त्यावर पुढच्या यार्डात दुसऱ्याच हाताने नवे लिहिले जाई. टोकदार पांढऱ्या पेन्सिलीने मॅट थरावर लिहावे, उभ्या माणसाचा हात पोहोचेल त्या उंचीवर, म्हणजे मॉडेलवर डब्याच्या खालच्या अर्ध्या भागातच. जुन्या खुणा बोटाने थोड्या पुसाव्यात आणि एखादीच ताजी ठेवावी. अक्षर वळणदार काढू नये. लिहिणाऱ्याला घाई असे. वजनाच्या चौकोनावर खूण टाकू नये, कारण तिथले आकडे वाचता येणे त्या कर्मचाऱ्यांच्याच कामाचे होते.